घड्याळ माझ्याकडे होतं

मे महिन्यात कोल्हापुरात माणसाला घरी बसू देत नाहीत. सकाळी बागेत चित्रकार उभे असतात, दुपारी कुठल्या तरी हॉलमध्ये मुलांचं नाट्यशिबिर चालू असतं, आणि ऊन उतरलं की एखाद्या तालमीच्या पटांगणात शाहिरी नाहीतर गाण्यांचा कार्यक्रम. लोक लवकर जेवून येतात, पुढच्या खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरतात, आणि न आवडलेलं तिथंच बोलून दाखवतात. चित्राच्या बाबतीत तर जास्तच. भाजी घेऊन घरी निघालेला माणूससुद्धा पिशवी हातात तशीच ठेवून चित्रकाराच्या मागे उभा राहतो आणि सांगतो, "नाक जरा डाव्या अंगाला गेलंय बघा." बहुतेक वेळा ते खरंच गेलेलं असतं.

मी एका शाळेत चित्रकला शिकवतो. शहरातल्या चित्रकारांचा एक गट आहे, दर उन्हाळ्यात आठवडाभराचा कलामहोत्सव भरवतो. त्यात मी बरीच वर्षं आहे. खुर्च्या लावणं, माईकवाल्याला उठवणं, पाहुण्यांना गाडीतून आणणं ही माझी कामं. चित्रकार म्हणून मला कुणी विचारत नव्हतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. माझी चित्रं ठीकठाक असतात. ठीकठाक चित्रं काढणारी माणसं कोल्हापुरात गल्लीगल्लीत आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मात्र शेवटच्या दिवशीचा पोर्ट्रेटचा डेमो माझ्याकडे सोपवला गेला. महोत्सवातली सगळ्यात मोठी सकाळ ती. बाहेरगावचे एक नावाजलेले चित्रकार येतात आणि दोन तासांत सगळ्यांसमोर एका माणसाचा चेहरा जलरंगात उभा करतात. त्यासाठी माणूस एका छोट्या चौथऱ्यावर खुर्चीत बसवतात. तो बसला की त्याच्या पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने रेघा मारतात, म्हणजे उठून परत आला तरी त्याला त्याच जागी, त्याच वळणात बसता येतं. वीस मिनिटं बसणं, पाच मिनिटं सुट्टी, असं चालतं. सुट्टी कधी द्यायची ते संयोजकाने सांगायचं असतं. चित्रकार घड्याळ बघत नाही आणि बसणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून त्या सकाळी घड्याळ माझ्याकडे होतं.

बसायला आमच्या गल्लीतले एक म्हातारे पैलवान येणार होते. सकाळी साडेसहाला त्यांच्या सुनेचा फोन आला की मामांजींना रात्रीपासून ताप आहे. मी फोन ठेवला तेव्हा माझे वडील समोर जोत्यावर बसून चहा पीत होते.

आबा मुरगूडजवळच्या आमच्या गावी राहतात. आयुष्यभर त्यांनी गुऱ्हाळावर गुळव्याचं काम केलं. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस उकळत असतो, आणि तो नेमका कुठल्या क्षणाला उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. उकळत्या रसाचा थेंब थंड पाण्यात घ्यायचा आणि बोटांत दाबून बघायचा. क्षणभर इकडेतिकडे झालं तर गूळ काळा पडतो, नाहीतर बसतच नाही. आबांची बोटं चुकत नाहीत अशी पंचक्रोशीत ख्याती होती. काम थांबवल्यालाही बरीच वर्षं झाली होती, तरी हंगाम सुरू झाला की पहिल्या काहिलीला त्यांना न्यायला माणूस यायचा. त्यांचा चेहराही त्या आगीसमोर भाजून निघालेला, तांबूस, खोल सुरकुत्यांचा, वर पांढऱ्या मिश्या. कुठल्याही चित्रकाराने धरून ठेवावा असा.

ते माझ्याकडे दोन दिवसांपूर्वी आले होते ते दवाखान्यासाठी. वर्षभर त्यांना लघवीचा त्रास होता. दर अर्ध्या-पाऊण तासाला उठावं लागायचं, आणि एकदा लागली की थांबवता यायची नाही. हे त्यांनी मला बांधावर बसून, उसाकडे बघत सांगितलं होतं. मला आणि माझ्या बायकोला सोडून कुणालाच ते माहीत नव्हतं. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला डॉक्टरांची वेळ घेतलेली होती.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

"आबा, आज एक काम कराल का?"

"काय?"

"बसायचं. खुर्चीवर."

"आनी?"

"आणि काही नाही. हलायचं नाही."

"बसायला मी कशाला पायजे? तुमच्या शाळंत लई मास्तर हायत की बसनारं."

मी सगळं समजावून सांगितलं. ते चहा संपेपर्यंत ऐकत राहिले. बायको आतून आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, त्यांना जमेल का एवढा वेळ?"

"दर वीस मिनिटांनी सुट्टी असते," मी म्हणालो. "आणि घड्याळ माझ्याकडेच आहे."

आबांना म्हणालो, "मधेच लागली तर डाव्या हाताची करंगळी हलवा. मी लगेच थांबवतो."

"शाळंतल्या पोरागत?" आबा हसले. "वर करू का गुरुजी म्हनून?"

"वर नको. मांडीवर हात असेल तिथंच हलवा. माझं लक्ष असतंय."

"मग बसतू की," ते म्हणाले, आणि उठून धुतलेलं धोतर नेसायला आत गेले.

सुरुवात चांगली झाली. आठ वाजता बागेत झाडाखाली सावली होती, माणसं दीडएकशे तरी जमली होती. चित्रकार साठीपलीकडचे, मितभाषी. त्यांनी आबांना लांबची पाण्याची टाकी दाखवली आणि म्हणाले, "नजर तिथे ठेवा." पायाशी ब्रश धुवायची बादली ठेवली आणि काम सुरू केलं. पहिली सुट्टी मी वेळेवर दिली. आबा बागेतल्या स्वच्छतागृहात जाऊन आले आणि खडूच्या रेघांत काळजीपूर्वक पावलं ठेवत चित्रकारांना म्हणाले, "पावनं, ह्या घरातच राहायचं न्हवं आमी?" लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, मिशी हलवू नगा, अवघड जातंय त्येनला." दुसरी सुट्टी मी तीन-चार मिनिटं उशिरा दिली. आबा जरा घाईने गेले. ते मला दिसलं.

तिसऱ्या बैठकीत चित्रकारांनी डोळे रंगवायला घेतले. तोवर चित्र नुसतं बरं होतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत ते काहीतरी वेगळंच होऊ लागलं. गर्दीतली कुजबुज थांबली. लोकांनी मोबाईल वर धरले. वीस मिनिटं झाली, मग पंचवीस. आमच्या गटाचे अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, जमवलंत बघा तुम्ही."

त्याच वेळी आबांची करंगळी हलली.

मी ती पाहिली. पांढऱ्या धोतरावर त्यांचा काळा हात होता, न दिसण्यासारखं काही नव्हतं. मी तळहात दाखवून खूण केली, थांबा जरा. त्यांची नजर टाकीवर होती, माझी खूण त्यांना दिसली नसणार. थोड्या वेळाने करंगळी पुन्हा हलली, या वेळी दोनदा लागोपाठ. मी चित्राकडे बघू लागलो. तिसऱ्यांदा हलली तेव्हा मी नजरेच्या कडेने पाहिली आणि मान वळवली नाही.

नंतर मी स्वतःला सांगत आलो की उजेड सरकत होता, गालावरची तिरीप दहा मिनिटांत गेली असती आणि आबा उठले असते तर ते चित्र पुन्हा सापडलं नसतं. हे खोटं नाही. पण माझ्या खांद्यावर अजून हात होता आणि तो उचलला जाऊ नये असं मला वाटत होतं, हे त्याहून खरं आहे.

मग मी पाहिलं की धोतराचा मधला भाग करडा होत चाललाय. खुर्चीच्या खालून थेंब पडू लागले. एक ओघळ चौथऱ्यावरून येऊन खडूच्या रेघेत शिरला. आबा हलले नाहीत. नजर टाकीवरच होती.

माझे पाय जागचे हलले नाहीत. हलले ते चित्रकारांचे. मागे सरकल्यासारखं करून त्यांनी पायाशी असलेली बादली पुढे लाथाडली. गढूळ पाणी चौथऱ्यावर, आबांच्या पायांवर, धोतरावर उडालं.

"अरेरे. काय हा माझा धांदरटपणा," ते मोठ्याने म्हणाले. "आजोबा, पार भिजवलं तुम्हाला. राहू दे, आता इथंच थांबू."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चित्राला वाजवल्या. मी पंचा घेऊन धावलो. आबा उभे राहिले, पंचा कमरेला गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावन्यांची बादली सांडली." घरी गेल्यावर हेच वाक्य त्यांनी माझ्या बायकोला ऐकवलं. तिने धोतर हातात घेतलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मोरीकडे गेली.

आबांना घरी सोडून मी चित्रकारांचं सामान गाडीत ठेवायला परत गेलो. ते ब्रश पुसत होते. म्हणाले, "ते वडील तुमचे, हे मला आत्ता कळलं. बोट हलवत होते ते. मला वाटलं तुम्ही पाहिलंय."

मी म्हणालो, "गर्दीत लक्ष गेलं नाही."

"हं," ते म्हणाले. "काम चालू असलं की मला थांबता येत नाही. म्हणून तर घड्याळ दुसऱ्याकडे देतो मी."

अर्धवट चित्र त्यांनी गुंडाळून माझ्या हातात दिलं. ते अजून माझ्याकडेच आहे.

आबा बाराच्या गाडीने गावी गेले. "डॉक्टर?" मी स्टँडवर विचारलं. "बघू म्होरं," ते म्हणाले. रात्री बायकोने विचारलं, "तुम्हाला दिसलं नव्हतं?" मी नाही म्हणालो. तिने परत विचारलं नाही, पण पुढे किती तरी दिवस ती माझ्याशी बोलताना माझ्या हातांकडे बघायची, असं मला वाटायचं. कदाचित माझ्या मनाचेच खेळ असतील.

त्या डेमोचं कौतुक खूप झालं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लोकांनी लिहिलं होतं, काय ती शांतता, काय तो संयम, आजोबांना दंडवत. बादली सांडायच्या आधीच तो संपत होता. मी तो एकदाच पाहिला. त्यात आबा होते, चित्र होतं, आणि उजव्या कडेला मी होतो.

त्यानंतर आबा गावाबाहेर पडले नाहीत. चुलतभावाच्या मुलीचं लग्न कागलला होतं, तिथे आले नाहीत. नृसिंहवाडीला पौर्णिमेला जायचे, ते बंद केलं. दुपारचं पाणी पिणं त्यांनी सोडलंय हे शेजारच्या काकूंनी मला फोनवर सांगितलं. मी डॉक्टरांचं काढलं की म्हणायचे, "हाय ते बरं हाय."

दिवाळीला मी गेलो होतो तेव्हा गुऱ्हाळं सुरू झाली होती. सकाळी गुऱ्हाळाच्या मालकाचा माणूस दारात आला.

"आबा, चला की. पैली काहील हाय."

"न्हाय येत मी."

"आसं कसं? तुमच्याबिगर उतरवायची व्हय?"

"दुसरा बघा कोन तर. माझ्या हाताचं आता काय खरं न्हाय."

तो माणूस माझ्याकडे बघत उभा राहिला, मग गेला. मी विचारलं, हाताला काय झालं. आबा उंबऱ्यावर टेकले. मग स्वतःचा डावा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाले,

"त्या दिवशी मी करंगळी हलवत हुतो. तीनदा हलवली आसं मला वाटत हुतं. पर तू तर म्होरंच हुतास. तुजं ध्यान हुतं, तूच म्हनला हुतास. म्हंजे ती हललीच नसनार. डोसक्यातनं निघालेलं बोटापत्तूर पोचंना झालंय. आसल्या बोटानं काहील उतरवायची, आनी लोकाचा माल घालवायचा?"

मी समोर होतो म्हणजे माझं लक्ष होतंच, यावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी आयुष्यभर न चुकलेला हात खोटा ठरवला. हे ऐकून मी काय केलं? मी म्हणालो, "थकवा असेल आबा. उन्हाचा." ते म्हणाले, "व्हय, आसंल." मी फराळाचा डबा घेतला, गाडीला किक मारली आणि निघालो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या फाट्यावर शिफ्ट सुटली होती, बसच्या मागे थांबावं लागलं. बागेत मी जे केलं ते एका मोहाच्या क्षणी केलं असं म्हणता आलं असतं. आज तसा कुठलाच मोह नव्हता.

घरी येऊन मी आधी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने तवा खाली उतरवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलून काय उपयोग? माझी करंगळी होती का ती?"

पुढच्या रविवारी मी परत गेलो. आबा गोठ्याजवळ वैरण तोडत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, म्हटलं बसलो तर बोलणं व्हायचं नाही. "आबा, करंगळी हलली होती. तीनदा. मी बघितली. बघूनही थांबवलं नाही."

त्यांनी विळा ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"माझं मन राखायला बोलतूस."

"नाही आबा."

"आरं, वय झालं की व्हतंय. त्यात काय एवढं. तू कशाला सोताच्या अंगावर घेतूस?"

याची तयारी मी केली नव्हती. शिव्या ऐकायला गेलो होतो. ते मलाच समजावत होते. मी परत परत सांगितलं, ते परत परत हात झटकत राहिले. शेवटी मी मोबाईल काढला आणि तो व्हिडिओ लावून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा चढवला आणि मोबाईल लांब धरला. मी शेजारी उभा राहून बघत होतो. करंगळी हलली. स्पष्ट हलली. त्याच वेळी उजव्या कडेला मी मान वळवून तिच्याकडे बघतो, आणि तळहात पुढे करतो. मग ती पुन्हा हलते, आणि मी दुसरीकडे बघतो.

"परत लाव," आबा म्हणाले.

मी परत लावला. दुसऱ्या वेळी ते बोटाकडे बघत नव्हते.

"हललीय की," ते म्हणाले. आवाजात आनंद होता. खराखुरा, लहान मुलासारखा, आणि तो मी कधी विसरणार नाही. मग तो गेला. "आनी ह्यो तू."

"हो."

"कशासाठी रं?"

मी अध्यक्षांचं सांगितलं, खांद्यावरच्या हाताचं सांगितलं. सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटलं की मधेच थांबलो. आबांनी मोबाईल माझ्या हातात दिला, विळा उचलला आणि पुन्हा वैरण तोडायला लागले. अर्ध्या तासाने मी म्हणालो, निघतो. त्यांनी वर बघितलं नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला तो माझ्या बायकोला. गुऱ्हाळावर जाऊन आलो म्हणाले, दोन काहिली उतरवल्या. आणि सोमवारी दवाखान्यात नंबर लावून ठेव, मी येतो. ती म्हणाली, "हे येतील की गाडी घेऊन न्यायला." त्यावर तिकडून काय आलं ते तिने मला सांगितलं: "त्याला म्हनावं, मी येष्टीनं येतो."

सोमवारी ते थेट दवाखान्यातच आले. वाटेत दोनदा गाडीतून उतरावं लागलं असेल, त्यांनी सांगितलं नाही. मी आधीच जाऊन बाकावर बसलो होतो. जुने कागद, रक्ताच्या तपासण्या सगळं पिशवीत घेऊन. त्यांनी पिशवी घेतली, माझ्यापासून एक जागा सोडून बसले. आम्ही तासभर तसेच बसलो. मधे ते दोनदा उठून गेले, मला न सांगता. एकदा मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं.

नंबर आला तसा मी उठलो. दारातल्या मुलीने त्यांच्या हातातले कागद बघितले आणि विचारलं, "आजोबा, सोबत कोण आहे?"

आबा थांबले. मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभा होतो.

"कोन न्हाय," ते म्हणाले. "एकटाच हाय."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी परत बाकावर जाऊन बसलो आणि तिने त्यांच्यामागे दार लावून घेतलं.